पप्पांबरोबर चालतं, आईबरोबर नाही

"हॉटेलात गेलं की आमची थोरली मेन्यू बघतच नाही. आधी माझं तोंड बघते, मग ह्यांचं."

ठाण्यातल्या एका आईचं हे पहिल्या भेटीतलं वाक्य. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, कुटुंब. आई, वडील, आजी, सहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) प्रश्न तसा ओळखीचा होता, जैन आणि मुस्लिम पालकही तो विचारतात: बाहेर जेवताना घरचे नियम पाळायला लावले तर मुलं हिरमुसतात, सैल सोडले तर पुढे पाळणारच नाहीत. मग करायचं काय?

मी शहाणपणा करून म्हटलं, "डुक्कर नको एवढंच ना? मग चिकन मागवा." बाई हसल्या. कोशरमध्ये, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या नियमांत, जनावर कोणतं एवढंच बघून भागत नाही, ते शोहेतनं, म्हणजे धर्माप्रमाणे जनावर कापायला शिकलेल्या माणसानं, रीतीप्रमाणे कापलेलं लागतं. शिवाय मांस आणि दूध एकत्र येता कामा नये. म्हणजे बटर चिकन दोनदा बाद! यांच्या घरी मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध असतं, दही नाही. इस्रायलमध्ये अश्दोदला राहणाऱ्या नणंदेला ही डोकेदुखी नाही, तिकडे बऱ्याच हॉटेलांच्या भिंतीवर कोशरचं सर्टिफिकेट लावलेलं असतं. ठाण्यात १८७९ पासून सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, पण कोपऱ्यावरच्या हॉटेलात सर्टिफिकेट कुठलं असायला!

खरी गाठ मात्र घरातच होती. आईचं म्हणणं, बाहेर फक्त व्हेज. वडिलांचं, घरी कडक पाळू, बाहेर चिकन चालतं. आजींच्या मते बाहेरची भांडीसुद्धा चालत नाहीत. तिघांचा निकाल लागायचा तो टेबलावर, वेटर वही घेऊन उभा असताना. मुलीनं त्यातून आपला नियम काढला होता: पप्पांबरोबर चालतं, आईबरोबर नाही, आणि आजी असली तर काही मागायचंच नाही.

अशात एका वाढदिवसाला तिनं चिकन-चीज सँडविच खाल्लं. तिला ते पनीर वाटलं होतं. घरी कळल्यावर आजी बोलून गेल्या, "बाटलीस की गं!" अर्धी चेष्टाच होती. पण पोरगी बेसिनपाशी जाऊन चुळा भरत राहिली, एक झाली की दुसरी, फ्रॉकचा पुढचा भाग ओला होईपर्यंत. त्यानंतरच्या दोन वाढदिवसांना तिचं पोट दुखलं.

इथे मला मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारा स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे आठवतो. लहान मुलांना तो विचारायचा, जास्त वाईट कोण? नकळत दार लागून पंधरा कप फोडणारा, की चोरून जॅम काढताना एक कप फोडणारा? लहानगी म्हणायची, पंधरा फोडणारा. हेतूपेक्षा नुकसान मोठं दिसण्याचं हे वय असतं. त्यामुळे 'चुकून झालं' हे मोठ्यांना जितकं सहज पटतं, तितकं सहा वर्षांच्या पोरीला पटत नाही. ते मोठ्यांनीच सांगावं लागतं, तेही एकदा सांगून भागत नाही. ते सांगायचं काम मी आजींवर सोपवलं. ज्या तोंडून 'बाटलीस' आलं, त्याच तोंडून "चुकून खाल्लं त्याचं काही नाही, राणी" येणं गरजेचं होतं. आजींनी आठवणही करून दिली की त्यांच्यात मुलीवर धर्माचे नियम बाराव्या वर्षी बंधनकारक होतात, मुलावर तेराव्या. तोवर नुसती सवय लावायची. मी म्हटलं, हेच तिला सांगा ना!

मग मुलांना बाहेर बसवून तिघं माझ्यासमोर भांडले. चांगले पाऊण तास. ठरलं ते असं: सगळे एकत्र बाहेर गेलो तर फक्त व्हेज. आजी काचेच्या ग्लासात लिंबू-सोडा घेणार, कारण काच चव धरून ठेवत नाही असं त्यांच्याकडे मानतात. मेन्यू घरीच फोनवर बघायचा, मुलीनं त्यातले तीन पदार्थ निवडायचे आणि ऑर्डर तिनंच द्यायची. टेबलावर चर्चा बंद.

रविवारचा घोळ वेगळाच होता. दुपारी मटण आणि संध्याकाळी तलावपाळीला आइस्क्रीमचा हट्ट. मांसानंतर दूध किती तासांनी, हे घराघराच्या रीतीवर असतं, लहान मुलांना त्यात सूटही देतात. पण ती किती, ते त्यांच्या हझ्झानना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारा म्हटलं. तो निकाल देणारी मी कोण? तोवर धाकट्यानंच तोडगा काढला. बर्फाचा गोळा! कालाखट्टा. त्यात दूध नसतं. आता रविवार म्हणजे गोळा, आणि जीभ जांभळी झाली की नाही ते आरशात बघणं.

वाढदिवसासाठी मुलीला मी एकच वाक्य दिलं: "आमच्यात हे चालत नाही, ते दे." वर्गात संकष्टीचा उपास करणारी एक आहे, कांदा-लसूण न खाणारा एक, रोजे बघत वाढणारी एक. हे वाक्य कुणालाच नवीन नव्हतं. तिला मात्र वाटत होतं, आपणच एकटे.

सगळ्यात कामी आला तो मासळीबाजार. आजी तिला बरोबर नेऊ लागल्या. पर आणि खवले, दोन्ही असतील तोच मासा घ्यायचा. बांगडा, रावस, पापलेट पिशवीत. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या नाही. जाता जाता गोष्ट: फार पूर्वी डेव्हिड रहाबी कोकणात आला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली यहुदीच आहेत का, याची त्याला खात्री करायची होती. त्यानं बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले आणि त्याची खात्री पटली. इतिहासकार याला दंतकथा म्हणोत, पोरीच्या हाताला काम मिळालं. कोळणीसमोर ती अंगठ्याच्या नखानं बांगड्याचं खवलं उचकटून बघते आणि मान डोलावते.

शेवटच्या भेटीत वडिलांचा प्रश्न: ऑफिसात मी अजून चिकन खातो, ते लपवू का? मी म्हटलं, विचारलं तर खोटं बोलू नका. त्यांनी तिथेच तिला जवळ घेऊन सांगितलं, "मी कधीकधी बाहेर चिकन खातो. आपण सगळे बरोबर असलो की नाही."

तिनं जरा विचार केला आणि दाराकडे बघून हळूच विचारलं, "आजीला माहितीये?"

आजी दाराबाहेरच बसल्या होत्या. वडील माझ्याकडे बघायला लागले.