सीनेच्या डोहातले मासे: मळीचं पाणी की उन्हाळा?

दादा, तुम्ही लिहिलंय मोहोळच्या बाजूला सीना नदीच्या डोहात पहाटे मासे मरून वर आले, पाणी काळपट तांबूस, वास भयंकर, आणि गावात निम्मे म्हणतात कारखान्याने मळीचं पाणी सोडलं, निम्मे म्हणतात उन्हाळ्यात होतंच असं. बघा, माझ्या मते उन्हाळ्याचं नाव सांगून कुणाला सुटू देऊ नका, कारण दोन्ही एकात एक अडकलेलं असतं.

मळीचं पाणी म्हणजे मळीपासून दारू-अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीचं सांडपाणी, स्पेंटवॉश; त्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते ते माप, लिटरला 40-50 हजार मिलिग्रॅमपर्यंत असतो आणि नदीत सोडायची मर्यादा आहे 30 मिलिग्रॅम. असलं पाणी थोडं जरी डोहात उतरलं तरी बॅक्टेरिया त्यावर तुटून पडतात आणि ऑक्सिजन संपवतात. कटला-रोहूला लिटरला 5 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन लागतो, आणि 30 डिग्रीला स्वच्छ पाण्यात पण साडेसातच मावतो, वरून रात्रभर शेवाळ पण तोच ओढतं, म्हणून मासे पहाटेच जातात.

आता ओळखायचं कसं, तर मोठे मासे आधी मेले, तोंड उघडं, कल्ले फाकलेले, तर ऑक्सिजन गेला समजा. लहान-मोठे सगळे एकदम, बेडूक-गोगलगायी पण, आणि तेही भर दुपारी, तर विषारी काहीतरी आलंय. कल्ले उचलून बघाच, चॉकलेटी दिसले तर पाण्यात नायट्राइट हे विषारी क्षार, पांढरट चिकट थर असला तर आम्लाने किंवा केमिकलने भाजलेत.

चिलापी (तिलापिया मासा) जिवंत आहे म्हणजे पाणी चांगलं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, ती कमी ऑक्सिजनवर पण तग धरते. आपल्याकडे डाईंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यांच्या रंगीत पाण्याचं तर अजून वाईट, मासा लगेच मरत नाही, पण ऊन खाली जात नाही, त्याचं खाद्यच तयार होत नाही, वाढ खुंटते, आणि क्रोमियम-तांब्यासारखे धातू असले तर ते लिव्हर, किडनी, कल्ल्यात साठत राहतात, शिजवून पण जात नाहीत. मेलेले मासे कुणी विकत असेल तर आधी ते थांबवा.

आणि बाटलीत पाणी भरून तुम्ही घेतलंत ते माहितीला ठीक, पण 1974 च्या कायद्याने कोर्टात प्रदूषण मंडळाने रीतसर घेतलेला नमुनाच चालतो, म्हणून मासे दिसल्या दिसल्या मंडळाला फोन करा, तलाठ्याला बोलवून पंचनामा करून घ्या, आणि ताजे मेलेले दोन-चार मासे बर्फात ठेवा, सडलेल्यातून काही कळत नाही.