शंका-समाधान : ऊर्जा मातीतून परत येते का?

प्रश्न : अन्नसाखळीच्या प्रत्येक टप्प्यावर केवळ दहा टक्के ऊर्जा पुढे जाते, असे पाठ्यपुस्तकात वाचले. उरलेली नव्वद टक्के ऊर्जा कुठे जाते? पालापाचोळा आणि मेलेले प्राणी कुजून मातीत मिसळतात, म्हणजे त्यांच्यातील ऊर्जाही मुळांवाटे झाडांना परत मिळायला हवी. तसे असेल, तर परिसंस्थेला सूर्यप्रकाशाची सतत गरज का भासते?

उत्तर : कुजलेल्या पालापाचोळ्यातून झाडांना बरेच काही परत मिळते, हे आपले म्हणणे खरे आहे, पण जे मिळते ते नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम यांसारखे पदार्थ असतात, ऊर्जा नव्हे. हिरव्या झाडाला ऊर्जा मिळते ती पानावर पडणाऱ्या प्रकाशातून, आणि त्या प्रकाशाचाही फार थोडा भाग, बहुधा एक-दोन टक्क्यांहून कमीच, साखरेच्या रूपात साठवला जातो. (अमरवेलीसारख्या परोपजीवी वनस्पती दुसऱ्या झाडाच्या साखरेवर जगतात, त्यांचा अपवाद येथे सोडून देऊ.) खत म्हणजे झाडाचे अन्न, ही समजूत त्यामुळे अर्धवट आहे.

आता नव्वद टक्क्यांविषयी. पानाची कड कुरतडत पुढे सरकणारी एखादी अळी नीट पाहिली, तर खालच्या पानावर तिच्या काळपट लेंड्यांचा सडा पडलेला दिसतो. खाल्लेल्या पानातील सेल्युलोजसारखा जो भाग तिला पचत नाही, तो या लेंड्यांतून बाहेर पडतो आणि त्याबरोबर पानातील साधारण निम्मी ऊर्जाही जाते. पचलेल्या भागातील बरीचशी ऊर्जा अळीच्या श्वसनात, म्हणजे हालचाल करण्यात आणि पेशींचे काम चालू ठेवण्यात खर्च होते. अळीने २०० ज्यूल ऊर्जेचे पान खाल्ले असे धरले, तर सुमारे १०० ज्यूल लेंड्यांत जातात, ६५-७० श्वसनात संपतात आणि जेमतेम ३०-३५ ज्यूल तिच्या शरीरात साठतात. पक्ष्याच्या चोचीत जाऊ शकते ती एवढीच ऊर्जा, आणि तीही अळी त्याच्या हाती लागली तरच.

पक्ष्याचा हिशेब याहून तोट्याचा असतो. शरीर सतत उबदार ठेवावे लागत असल्यामुळे पक्षी आणि सस्तन प्राणी पचवलेल्या ऊर्जेपैकी साधारण एक ते तीन टक्केच वाढीसाठी आणि पिलांसाठी वापरू शकतात. कीटकांमध्ये हे प्रमाण कितीतरी अधिक असते. म्हणूनच दहा टक्के हा आकडा नियम म्हणून न घेता ढोबळ सरासरी म्हणून घ्यावा. प्रत्यक्ष मोजमापांत तो पाच ते वीस टक्क्यांच्या दरम्यान हेलकावत असतो. ऊर्जेचा असा टप्प्याटप्प्याने हिशेब मांडण्याची पद्धत रूढ झाली ती अमेरिकेतील रेमंड लिंडेमन यांच्या १९४२ सालच्या निबंधामुळे. मिनेसोटा राज्यातील एका लहानशा तळ्याच्या अभ्यासावर आधारलेला हा निबंध परीक्षकांनी आधी नाकारला होता, आणि तो छापून येण्यापूर्वीच, वयाच्या २६ व्या वर्षी, लिंडेमन यांचे निधन झाले.

लेंड्या, गळलेली पाने आणि मृत शरीरे यांच्यातील ऊर्जा विघटकांच्या वाट्याला येते. जंगलात तर बहुतेक पाने कोणी न खाताच गळून पडतात, त्यामुळे ऊर्जेचा मोठा प्रवाह हरणा-वाघांमधून नव्हे, तर बुरशी आणि जिवाणूंमधून वाहतो. पाठ्यपुस्तकातील चित्रांत याला फारच कमी जागा मिळते. हे सूक्ष्मजीवही श्वसन करतातच. कंपोस्टचा मोठा ढीग आतून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, तो त्यांच्याच श्वसनामुळे. ही उष्णता कोणत्याही सजीवाला पुन्हा अन्न म्हणून वापरता येत नाही, कारण पेशींची कामे रासायनिक ऊर्जेवर किंवा प्रकाशावर चालतात. ती हवेत पसरते आणि अखेर अवकाशात निघून जाते. पदार्थ फिरून येतात, ऊर्जा येत नाही. त्यामुळे तिचा पुरवठा बाहेरून सतत होत राहावा लागतो.

प्रश्न : खोल समुद्राच्या तळाशी प्रकाश पोहोचत नाही, मग तेथील सजीव कशावर जगतात?

उत्तर : बहुतेक जण वरून संथपणे खाली येणाऱ्या मृत अवशेषांवर, म्हणजे पर्यायाने सूर्यप्रकाशावरच जगतात. परंतु १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ, सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर, उष्ण पाण्याच्या झऱ्यांभोवती दाट जीवसृष्टी आढळली. तेथील जिवाणू हायड्रोजन सल्फाइडच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवून कार्बनी पदार्थ तयार करतात. तेथील महाकाय नळीकृमींना तोंड किंवा आतडे नसते. शरीरात वाढवलेल्या अशा जिवाणूंवरच ते पोसले जातात. मात्र या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन पाण्यात येतो तो पृष्ठभागावरील प्रकाशसंश्लेषणातून, त्यामुळे या कृमींनाही सूर्यापासून पूर्णपणे स्वतंत्र म्हणता येत नाही.