गरम झाल्यावरच बंद पडणारी पद्मिनी

प्रश्न : माझ्याकडे 1988 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. सकाळी ती पहिल्याच सेल्फला सुरू होते, परंतु अर्धा तास चालल्यावर, विशेषतः घाट चढताना, मिसिंग करू लागते (मध्येच झटके खाते) आणि बंद पडते. बॉनेट उघडून थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा चालू होते. कार्बोरेटर साफ करून झाला, प्लगही नवे बसवले. आता कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि वायरी असा सगळा संच बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का? हे भाग घरी काढून तपासता येतील का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सगळा संच एकदम बदलू नये. कॉइल बॅटरीचा दाब ठिणगीपुरता वाढवते, पॉइंट हा कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच असतो आणि कंडेन्सर पॉइंटना जळण्यापासून वाचवतो. गाडी सुधारली तरी दोष नेमका कशात होता हे कळणार नाही, आणि चांगला चालणारा जुना भाग विनाकारण फेकला जाईल. आपली गाडी थंड असताना निर्दोष असते, त्यामुळे थंड इंजिनावर केलेल्या तपासणीवर विसंबून चालणार नाही. तपासणी गाडी बंद पडल्याक्षणीच करायला हवी.

त्यासाठी एक जादा प्लग जवळ ठेवावा. गाडी बंद पडताच ती न्यूट्रलमध्ये घेऊन हँडब्रेक ओढावा, एका प्लगची वायर काढून जादा प्लगला लावावी, त्याची धातूची बाजू इंजिनाला घट्ट टेकेल असा तो बसवावा आणि दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारायला सांगावे. वायर हातात धरून ठिणगी पाहण्याची सवय धोक्याची आहे, कारण तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो. पेसमेकर असलेल्यांनी तर या कामापासून दूरच राहावे. जवळपास पेट्रोल गळत नाही याचीही आधी खात्री करावी. ठिणगी निळी आणि कडकडणारी असेल, तर इग्निशनला, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्रणेला, दोष न देता पेट्रोलकडे वळावे. उन्हाळ्यात घाटात पंपातले पेट्रोल तापून वाफ धरते, तेव्हाही लक्षणे हुबेहूब अशीच दिसतात. ठिणगी पिवळट, बारीक किंवा अजिबात नसेल, तरच पुढे जावे.

मग 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील (प्लगांना आळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाकडील) टोकाला आणि अर्थला (गाडीच्या धातूच्या भागाला) जोडून, किल्ली चालू ठेवून इंजिन फिरवावे. पॉइंट उघडताना दिवा लागावा आणि मिटताना विझावा. सतत लागून राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत किंवा त्यांच्यावर मळ बसला आहे. मुळीच लागला नाही तर कॉइलला करंट येत नाही, कॉइलची आतली तार तुटली आहे किंवा पॉइंट अथवा कंडेन्सर अर्थ झाला आहे, म्हणजे त्याचा करंट थेट धातूच्या भागात जातो आहे. पॉइंटची तोंडे जळून निळसर-काळी पडली असतील, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा आणि खात्रीचा दुसरा लावून पाहावा.

एवढ्या लक्षणांवरून माझा पहिला संशय कॉइलवर आहे. किल्ली बंद करून तिच्या वायरी सोडवाव्यात आणि मल्टिमीटर लावावा: अशा कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीचा रोध साधारण 3 ओहम, तर दुय्यम गुंडाळीचा काही हजार ओहम असतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्क्यांनी वाढतो, म्हणून कॉइल 50 अंशांनी तापली तर 3 चे 3.6 होणे अगदी स्वाभाविक आहे. त्यावरून कॉइल बाद ठरवू नये. उलट मीटरवर सगळे ठीक दिसूनही गरम कॉइलचे आतले इन्सुलेशन मोठ्या दाबाखाली फुटते, जे मीटरला कळत नाही. म्हणून गरम इंजिनावर खात्रीची दुसरी कॉइल लावली की ठिणगी लगेच सुधारते का, हीच निर्णायक कसोटी होय. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून रेडिओ ऐकण्याची सवय असेल, तर ती सोडावी. पॉइंट मिटलेले असल्यास कॉइलमधून सतत सुमारे 4 अँपिअर वाहतात आणि ती भाजून निघते.

डिस्ट्रिब्युटर काढण्याची वेळ बहुधा येणार नाही. त्याचे झाकण, रोटर (आतला फिरणारा भाग) आणि पॉइंट जागेवरच तपासता येतात. झाकणाच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली, तर ते बदलावे. तरीही डिस्ट्रिब्युटर काढावाच लागला, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी, रोटरची दिशा आणि बॉडीची जागा ब्लॉकवर खडूने खुणावावी, आणि तो परत बसेपर्यंत इंजिन अजिबात फिरवू नये. प्लगच्या वायरींवरही क्रमांक लिहावेत, कारण पद्मिनीचा फायरिंगचा (सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा) क्रम 1-3-4-2 आहे. प्लग मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढावेत आणि बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच धरावेत. सुरुवातीपासून पाना लावला, तर अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात.