यकृत निरोगी, तरी अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा

प्रश्न : वडील अनेक वर्षे डायलिसिसवर आहेत. रक्ताची उलटी झाल्यावर एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या वरच्या भागात फुगलेल्या शिरा दिसल्या. यकृत मात्र निरोगी आहे. उपचार कोणता?

उत्तर : यकृताच्या विकारात अशा शिरा सहसा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी फुगतात. येथे डायलिसिससाठी मानेतून घातलेल्या कॅथेटरमुळे (नळीमुळे), डोके व हातांचे रक्त हृदयाकडे आणणारी छातीतील मोठी शीर अरुंद होऊन, अडलेले रक्त अन्ननलिकेच्या शिरांतून खाली वाट काढत असावे. सीटी व्हेनोग्राफीने (शिरा दाखवणाऱ्या सीटी स्कॅनने) ते पडताळता येते. यकृताकडे जाणाऱ्या शिरेतील दाब वाढलेला नसल्यास तो कमी करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधांचा उपयोग नाही. रक्तस्राव फुगलेल्या शिरेला रबरी बँड लावून थांबवता येतो, परंतु ती तात्पुरती सोय. खरा उपचार म्हणजे फुग्याने छातीतील ती अरुंद शीर रुंद करून गरजेनुसार स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवणे. उलटीत पुन्हा रक्त दिसल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.