सही एकाची, किंमत दुसऱ्याची

मागच्या अंकात परदेशी युनिव्हर्सिटी आणि सरकारांबरोबर होणाऱ्या करारांबद्दल, त्यात मानवी हक्कांचं काय होतं याबद्दल मी दोन-चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. पत्र लिहिणाऱ्यांची नावं, गावं, देश सगळं मुद्दाम गाळलंय. कारण वाचताना कळेलच.

ताई, मी युनिव्हर्सिटीत शिकवते. आमच्याकडे एका देशात कॅम्पस काढायचं घाटतंय, पैसा सगळा तिथलं सरकार देणार. तिथे सरकारविरुद्ध बोललं की माणूस आत जातो हे सगळ्यांना माहितीय. मी कमिटीत आहे, पण तोंड उघडलं की "मॅडम, राजकारण आपलं काम नाही" असं ऐकवतात. एकटीने विरोध करून काही उपयोग आहे का?

आहे. फक्त विरोध लेखी करा, चहा पिताना बोलून दाखवलेल्या नाराजीची नोंद कुठेच राहत नाही.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं उदाहरण सांगते. लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याचा मुलगा सैफ याने तिथून 2008 मध्ये पीएचडी घेतली आणि नंतर त्याच्या फाउंडेशनने संस्थेला 15 लाख पौंडांची देणगी कबूल केली. 2009 मध्ये फ्रेड हॅलिडे नावाच्या तिथल्याच प्राध्यापकांनी, ज्यांचं आयुष्य मध्यपूर्वेचा अभ्यास करण्यात गेलं होतं, कौन्सिलला लेखी कळवलं की हे पैसे घेऊ नका. त्यांचं कोणी ऐकलं नाही, आणि 2010 मध्ये ते वारले. 2011 च्या सुरुवातीला लिबियात लोक रस्त्यावर आले, गद्दाफीच्या फौजांनी त्यांच्यावर गोळ्या चालवल्या आणि मार्चमध्ये संस्थेचे डायरेक्टर हॉवर्ड डेव्हिस यांना राजीनामा द्यावा लागला. मग चौकशी बसली, माजी न्यायाधीश लॉर्ड वूल्फ यांचा रिपोर्ट आला, आणि तोवर गेलेल्या हॅलिडेंची ती नोट पुन्हा सगळ्यांसमोर आली. तेव्हा ते एकटे पडले होते म्हणून त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं आज कोणी म्हणेल का?

आता "राजकारण आपलं काम नाही" याबद्दल. जिथे सरकार जमीन देतं, बिल्डिंग देतं, पगार देतं आणि व्हिसाही तेच देतं, तिथे राजकारण आधीच आत येऊन बसलेलं असतं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचा अबू धाबीचा कॅम्पस घ्या. बांधकामावरच्या मजुरांना नीट वागवू, अशी हमी त्यांनी आधीच जाहीर केली होती, कागदावर सगळं छान होतं. मग 2014 मध्ये वर्तमानपत्रात बातम्या आल्या, 2015 मध्ये स्वतंत्र चौकशीचा रिपोर्ट आला आणि कळलं की सुमारे 30,000 मजुरांपैकी जवळपास एक तृतीयांश लोक त्या हमीच्या बाहेरच राहिले होते, कारण छोट्या रकमेच्या आणि थोड्या दिवसांच्या कंत्राटांना चक्क सूट होती! युनिव्हर्सिटीला जाहीर माफी मागावी लागली, राहिलेले पैसे द्यायचं कबूल करावं लागलं. त्याच सुमाराला अँड्र्यू रॉस नावाच्या त्यांच्याच प्राध्यापकांना, जे या मजुरांबद्दल लिहीत होते, न्यूयॉर्कच्या विमानतळावर सांगितलं गेलं की तुम्हाला अमिरातीत प्रवेश नाही. म्हणजे युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या कॅम्पसवर तिचा कोणता प्राध्यापक पाऊल ठेवणार, हे ठरवलं दुसऱ्याच सरकारने.

म्हणून कमिटीत मानवी हक्कांवर भाषण करू नका, ड्राफ्ट मागा आणि ओळ न ओळ वाचा. आपण नेमलेल्या शिक्षकाला त्यांनी व्हिसा नाकारला तर आपण काय करणार, हे लिहिलंय का? शिक्षक निवडताना त्यांची कोणती अट आपल्यावर येतेय का? कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीने 2013 मध्ये आपलं कन्फ्युशियस इन्स्टिट्यूट (चीन सरकारच्या मदतीने चालणारं चिनी भाषेचं केंद्र) बंद केलं ते याच कारणाने, चीनमधून आलेल्या एका शिक्षिकेने सांगितलं की तिच्या करारात फालुन गोंग या चीनमध्ये बंदी असलेल्या पंथाच्या लोकांना मनाई होती. आणि करारातून बाहेर कधी, कसं पडायचं ते आजच लिहून घ्या. पैसे सुरू झाले, दोनशे पोरं अॅडमिशन घेऊन बसली की मग कोणाचीच हिंमत होत नाही. मी स्वतः एका अशाच कमिटीत होते, बाहेर पडण्याचं कलम "नंतर बघू" म्हणून सोडलं गेलं आणि मी गप्प बसले, ते मला आजही टोचतं. तुम्ही गप्प बसू नका.

आणखी एका पत्रातला प्रश्न: आपण कोण लागून गेलो दुसऱ्या देशांना शिकवणारे? जे देश मानवी हक्कांच्या गप्पा मारतात त्यांचे हात तरी कुठे स्वच्छ आहेत?

हात कोणाचेच स्वच्छ नाहीत, हे मान्य. म्हणूनच मी कसोटी देशाला लावत नाही, कराराला लावते. हाच प्रश्न स्वतःच्या सरकारच्या पैशाबद्दल, संरक्षण खात्याच्या प्रोजेक्टबद्दलही विचारा, जरूर विचारा. पण शेजाऱ्याच्या घरात घाण आहे म्हणून आपल्या घरातली राहू द्यायची, हे मला पटत नाही.

मी पीएचडी करतोय, फील्डवर्कसाठी अशाच एका देशात जायचंय. विषय कामगार संघटना. युनिव्हर्सिटीचा तिथे करार आहे, गाईड म्हणतात काही होत नाही. घरचे घाबरलेत. जाऊ का?

अरे, घरच्यांची भीती हसण्यावारी नेऊ नकोस.

जुलिओ रेजेनी हा केंब्रिजचा पीएचडीचा विद्यार्थी होता, इटलीचा, वय 28, विषय जवळपास तुझाच, इजिप्तमधल्या स्वतंत्र कामगार संघटना. 25 जानेवारी 2016 ला तो कैरोत बेपत्ता झाला आणि 3 फेब्रुवारीला त्याचा मृतदेह रस्त्याकडेला सापडला, अंगभर छळाच्या खुणा होत्या. ज्या फेरीवाल्यांच्या नेत्याशी तो अभ्यासासाठी बोलत होता तोच पोलिसांना माहिती देत होता. मॅथ्यू हेजेस डरहॅम युनिव्हर्सिटीचा, तो मे 2018 मध्ये दुबई विमानतळावर पकडला गेला, नोव्हेंबरमध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली जन्मठेप झाली, जगभर ओरड झाल्यावर पाच दिवसांत माफी मिळाली. अहमदरेझा जलाली हे स्वीडनमध्ये राहणारे आपत्तीतल्या वैद्यकीय मदतीचे अभ्यासक, 2016 मध्ये इराणमधल्या युनिव्हर्सिटीच्याच निमंत्रणावरून गेले आणि तिथेच अटक झाली, 2017 मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. निमंत्रणपत्र हातात होतं, त्याने काय वाचवलं?

हे तुला घाबरवायला लिहीत नाहीये रे. तिन्ही ठिकाणी करार करणारे, निमंत्रण देणारे, विषय मंजूर करणारे लोक वेगळे होते आणि कोठडीत गेलेला माणूस वेगळा, एवढंच तुझ्या डोक्यात बसावं म्हणून लिहितेय. त्यामुळे "काही होत नाही" हे तोंडी चालणार नाही. गाईडना आणि डिपार्टमेंटला मेल करून विचार की मला अटक झाली तर पहिला फोन कोण करणार, वकिलाचा खर्च कोण देणार, तुम्ही जाहीरपणे बोलणार की संबंध बिघडतील म्हणून शांत राहणार. उत्तर टाळलं गेलं तर तेच तुझं उत्तर समज.

आणि एक गोष्ट जी तुझ्या पत्रात कुठेच नव्हती. तू परत येशील. ज्यांच्या मुलाखती घेशील ते तिथेच राहतील. त्यांची नावं, नंबर, रेकॉर्डिंग तुझ्या फोनमध्ये असतील आणि विमानतळावर तो फोन कोणी काढून घेतला तर त्यांचं काय, याचा विचार तिकीट काढायच्या आधी कर. चीनवरची टीकाही गुन्हा ठरू शकेल असा हाँगकाँगचा सुरक्षा कायदा 2020 मध्ये आला तेव्हा प्रिन्स्टनच्या एका वर्गात मुलांच्या पेपरवर नावाऐवजी कोड टाकायला सुरुवात झाली, तेसुद्धा अमेरिकेत बसून! तू तर प्रत्यक्ष तिथे जाणार आहेस. विषय बदलावा लागला तर बदल, त्यात कमीपणा नाही.

आणि हा एका पत्रातला प्रश्न: संबंध तोडले तर तिथल्या मुलांचंच नुकसान नाही का? सरकारला काय फरक पडतो?

हा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो, आणि यावर माझं मत गेल्या काही वर्षांत बदललंय, आधी मी सरसकट तोडा म्हणणाऱ्यांतली होते.

वर्णभेदाच्या काळात, 1965 मध्ये, ब्रिटनमधल्या 496 प्राध्यापकांनी दक्षिण आफ्रिकेतल्या युनिव्हर्सिटीत नोकरी घेणार नाही असं जाहीर केलं. त्यामागे तिथल्याच लोकांची, वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्यांची मागणी होती, हे महत्त्वाचं. पण अशा बहिष्कारात तिथले वर्णभेदाला विरोध करणारे प्राध्यापकही एकटे पडतात, हेही तितकंच खरं.

दुसरीकडे इल्हाम तोहती बघा. बीजिंगमध्ये शिकवणारे, चीनमधल्या उइगुर या मुस्लिम अल्पसंख्याक समाजातले अर्थतज्ज्ञ, अमेरिकेतल्या इंडियाना युनिव्हर्सिटीत पाहुणे अभ्यासक म्हणून निघाले होते. फेब्रुवारी 2013 मध्ये विमानतळावर त्यांना अडवलं, बरोबर निघालेली मुलगी एकटीच विमानात बसली. 2014 मध्ये त्यांना जन्मठेप झाली. अशा माणसासाठी बाहेरची एक युनिव्हर्सिटी, एक निमंत्रण, एक स्कॉलरशिप म्हणजे जीव असतो हो. 20 डिसेंबर 2022 ला तालिबानने मुलींना युनिव्हर्सिटी बंद केली, तेव्हा ज्या संस्थांनी ऑनलाइन कोर्स आणि स्कॉलरशिप उघडल्या त्यांनी संबंध ठेवलेच की, पण मुलींशी ठेवले, सरकारशी नाही.

म्हणून मी आता माणसांशी असलेलं नातं आणि सत्तेशी केलेला करार वेगळा धरते. अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीने 2018 मध्ये बीजिंगच्या रेनमिन युनिव्हर्सिटीबरोबरचे दोन कार्यक्रम थांबवले, कारण कामगारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांना तिथे त्रास दिला जात होता. सगळ्या चीनशी संबंध तोडले नाहीत, कोणत्या कार्यक्रमावर आणि का ते सांगून थांबवले. अमेरिकेतल्या एमआयटीने रशियातल्या स्कोलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेबरोबर 2011 पासून चाललेलं काम युक्रेनवर हल्ला झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 25 फेब्रुवारी 2022 ला संपवलं. पण त्याच एमआयटीने सौदी पत्रकार खशोगींच्या खुनानंतर सौदीबरोबरचे संबंध आढावा घेऊन 2019 मध्ये चालू ठेवले, आणि तो निर्णय मला आजही पटलेला नाही. तेल आणि देणग्या बघून मोजमाप बदलत असेल तर त्याला तत्त्व कसं म्हणायचं?

मॅडम, मी कॉम्प्युटरवाली आहे. आमच्या लॅबला परदेशी कंपनीचं फंडिंग आहे, चेहरे ओळखण्याचं मॉडेल करतोय. हे मानवी हक्कांच्या भानगडीत येतं का? आम्ही तर फक्त कोड लिहितो.

येतं. एमआयटीच्या लॅबने 2018 मध्ये आयफ्लायटेक या चिनी व्हॉइस टेक्नॉलॉजी कंपनीबरोबर पाच वर्षांचा करार केला. चीनच्या शिनच्यांग या उइगुर लोकांच्या प्रांतात ठेवल्या जाणाऱ्या पाळतीशी या कंपनीचा संबंध असल्याचे आरोप झाले, 2019 मध्ये अमेरिकन सरकारने तिला काळ्या यादीत टाकलं आणि 2020 मध्ये एमआयटीने करार संपवला. बेल्जियममधले, जनुकीय माहितीवर काम करणारे इंजिनीअरिंगचे प्राध्यापक ईव्ह मोरो तर वर्षानुवर्षं एकच प्रश्न घेऊन जर्नल्सच्या मागे लागलेत की उइगुर आणि तिबेटी लोकांचे डीएनए नमुने घेताना त्यांनी खरंच हो म्हटलं होतं का. त्यांच्या त्या चिकाटीमुळे बरेच पेपर मागे घेतले गेलेत.

तुझ्याकडेही तोच प्रश्न आहे. डेटासेटमधले चेहरे कोणाचे, कुठून आले, त्या लोकांना विचारलं होतं का, आणि मॉडेल तयार झालं की कोणाच्या हातात जाणार? या आठवड्यात गाईडला एवढं मेलवर विचार, साध्या भाषेत, आरोप न करता. बरोबरच्या दोघा-तिघांना सीसीमध्ये घे, एकटीच्या नावाने पाठवू नकोस. काय उत्तर येतं ते मला कळव, तुझं नाव छापणार नाही.