स्वयंपाकघराला कुलूप लावू का?

प्रश्न: ताई, माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे, त्याला प्रॅडर-विली सिंड्रोम हा जन्मजात जनुकीय आजार आहे. जन्मला तेव्हा अंगात जोरच नव्हता, दूध ओढता यायचं नाही, महिनाभर नळीने पाजलं, तेव्हा देवाला म्हणायचे एकदा पोटभर जेवू दे माझ्या बाळाला. आणि आता रात्री उठून डबे शोधतो, परवा मळलेली कणीक कच्चीच खाल्ली. सासूबाई म्हणतात खातंय पोर तर खाऊ दे, नजर नका लावू. मी कुलूप लावते म्हणलं तर नवरा म्हणतो पोराला कैद्यासारखं ठेवायचं का. दिवाळी तोंडावर आलीये, फराळाचं काय करू? आणि दुसरं मूल होऊ द्यावं का?
एक आई, सांगली जिल्हा

उत्तर: कुलूप लाव. आधी हे सांगते, बाकीचं नंतर. माझी मुलगी 17 वर्षांची आहे, तिलाही हेच आहे, आणि आमच्याकडे 10 वर्षं स्वयंपाकघराला कुलूप आहे.

हा हावरटपणा नाहीये गं. पोट भरलं हे मेंदूला कळायला हवं ना, ते ह्या मुलांमध्ये हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूतला भूक सांभाळणारा भाग, त्यातल्या बिघाडामुळे नीट कळतच नाही, म्हणजे भूक मिटतच नाही, आणि स्नायू कमी असल्याने शरीराला खाण्याची गरज मात्र इतर मुलांपेक्षा कमी असते. मला वाटायचं कुलूप म्हणजे क्रूरपणा, पहिल्या दिवशी मीच रडले, पण थोड्याच दिवसांत पोरगी शांत झाली, चित्रं काढायला लागली, कारण दार उघडं असलं की डोकं सतत तिकडेच, आता मिळेल का, मगाशी काय होतं, आणि बंद आहे म्हणल्यावर तो विचारच सुटतो. पण नुसतं कुलूप नको, खाण्याच्या वेळा भिंतीवर लिहून लाव आणि त्या चुकवू नकोस. चार म्हणजे चार. शिक्षा म्हणून खाणं काढायचं नाही, बक्षीस म्हणून द्यायचं नाही. शाळेत बाईंना आधीच सांगून ठेव, दुसऱ्यांचे डबे, वाढदिवसाची चॉकलेटं, सगळं.

सासूबाईंना नको म्हणू नकोस, आपल्याकडची माणसं खाऊ घालूनच जीव लावतात. चारची वाटी त्यांच्या हातून दे, मोजलेली, तू भरून ठेवलेली. फराळ जावेकडे नाहीतर आईकडे कर, घरात वास आणि डबे नकोत, आणि त्याला आधी सांग की पाडव्याला एक चकली मिळणार, मग ती द्यायचीच.

एक गोष्ट घरात सगळ्यांना सांग. ह्या मुलांना सहसा उलटी होत नाही आणि दुखलेलंही कमी जाणवतं. म्हणून भरपूर खाल्ल्यावर पोट फुगलं, दुखतंय म्हणाला, किंवा उलटी झालीच, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

ग्रोथ हार्मोनबद्दल, म्हणजे वाढीच्या हार्मोनच्या उपचाराबद्दल, डॉक्टरांना विचारलंस का? उंची आणि स्नायू दोन्हीला फरक पडतो, सुरू करण्याआधी झोपेतला श्वास तपासतात. महाग आहे, पण केंद्र सरकारच्या 2021च्या दुर्मिळ आजार धोरणात ह्या उपचारासाठी प्रॅडर-विलीचं नाव आहे, आणि मुंबईचं केईएम हॉस्पिटल त्या धोरणातलं एक उपचार केंद्र आहे, रिपोर्ट घेऊन तिथे जाऊन ये.

दुसऱ्या मुलाचं त्याच फेरीत विचार. 15 नंबरच्या क्रोमोसोमवरचा (गुणसूत्रावरचा) वडिलांकडून येणारा भाग ह्यात नसतो किंवा बंद असतो. बहुतेकांमध्ये तो तुकडा गळालेला असतो, काहींमध्ये दोन्ही 15 नंबर आईकडूनच आलेले असतात, आणि ह्या दोन्हीत पुन्हा होण्याची शक्यता साधारण 1 टक्क्याहून कमी असते. एक फार विरळ प्रकार आहे, त्यात मात्र ती 50 टक्क्यांपर्यंत जाते. मिथायलेशन टेस्ट, म्हणजे ह्या आजाराची पहिली जनुकीय तपासणी, तिने आजार आहे एवढंच कळतं, प्रकार कळायला पुढची टेस्ट लागते, ती झालीये का बघ आणि जेनेटिक काउन्सेलरला (आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला) भेटल्याशिवाय काही ठरवू नका. आणि वडिलांचा भाग म्हणलं म्हणून नवऱ्याला बोलायला जाऊ नकोस, हे बहुतेक वेळा आपोआप होतं, तुम्ही दोघांनी काही केलं म्हणून नाही. नजरेचा तर काहीच संबंध नाही.

कुलूप नवऱ्याच्याच हातून बसवून घे. किल्लीची जागा मुलाला कळू देऊ नका, माझ्या मुलीने देव्हाऱ्यामागची शोधून काढली होती, तेव्हापासून ती ह्यांच्या खिशात असते.