वर्ग लावायचाय, पण किती लावायचा?

जूनच्या तोंडावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं वर्ग लावण्याबद्दलची, म्हणजे शाळा उघडायच्या आधी वर्गाची खोली मांडण्या-सजवण्याबद्दलची होती. सगळीच घेता आली नाहीत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण त्यातले प्रश्न बऱ्याच जणींचे आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी शिक्षणसेवक आहे, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून लागले, मानधन १६ हजार. अक्कलकुवा तालुक्यात पाड्यावरची द्विशिक्षकी शाळा आहे, माझ्याकडे पहिली दुसरी एकत्र, पट २३. शाळा उघडायला दहा दिवस राहिलेत. खोली एकच आहे, एक कोपरा गळतो, फळा पांढरट पडलाय. बोलक्या भिंतींचे, म्हणजे अक्षरं-चित्रं रंगवलेल्या भिंतींचे व्हिडिओ बघून बघून डोकं भणभणलंय. पेंटरने भिंती रंगवून द्यायचे बारा हजार सांगितलेत, सादिलमध्ये, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या रकमेत तेवढे पैसे नाहीत, मी माझे घालू का? आणि मुलं घरी पावरी बोलतात, मागच्या वर्षी पहिलीची मुलं दिवाळीपर्यंत माझ्याशी बोललीच नव्हती.

नको घालूस. मी तुझ्याहून खूप मोठी आहे म्हणून अगं तुगं करतेय, राग मानू नकोस. पण मानधनातले बारा हजार भिंतीला लावू नकोस, आधी गळणारा कोपरा बघ.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी चारदा वाचलं. मुलं दिवाळीपर्यंत बोलली नाहीत हा तुझा खरा प्रश्न आहे आणि वर्ग लावायचा तो त्यासाठी, म्हणून तिकडे येतेच, पण आधी खोली.

शाळा उघडायच्या निदान तीन दिवस आधी जा, आणि एकटी जाऊ नकोस, शाळा व्यवस्थापन समितीतलं कुणीतरी सोबत घे. खोली मेच्या सुरुवातीपासून बंद आहे. दारं खिडक्या उघडून आधी वारा खेळू दे. सतरंज्या, बसकरपट्ट्या हाताने ओढायच्या नाहीत, काठीने उचलायच्या, बाहेर नेऊन झटकायच्या आणि उन्हात टाकायच्या, खाली विंचू असतो, कधी सापही असतो, आणि पावसाच्या तोंडावर तर असतोच असं समजून चालायचं. कपाटाच्या मागे, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं पोळं आहे का बघ. विजेचा बोर्ड ओलसर भिंतीवर असेल तर वायरमनला दाखवल्याशिवाय बटण दाबू नकोस आणि मुलांना तर त्या भिंतीजवळ बसवूच नकोस. पाण्याची टाकी आणि संडास ही कामं लोक शेवटी ठेवतात, तू पहिल्या दिवशी लाव. संयुक्त शाळा अनुदानातला निदान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचाच असतो, तेव्हा मुख्याध्यापकांकडे ते हक्काने माग.

गळणाऱ्या कोपऱ्याचं असं कर. एक पाऊस पडू दे किंवा कौलांवर, पत्र्यावर कुणाला तरी बादलीभर पाणी ओतायला लाव आणि थेंब जिथे पडतात तिथे खाली खडूने गोल काढ. तेवढी जागा सोडून बैठक आख. दुरुस्तीचा अर्ज ग्रामपंचायतीला आणि केंद्रप्रमुखांना लेखी दे, फोटो लाव, आवक क्रमांक घे. दुरुस्ती कधी होईल ते तुझ्या हातात नाही पण बालभारतीच्या पुस्तकांचे गठ्ठे त्या कोपऱ्यात न ठेवणं तुझ्या हातात आहे. गठ्ठे विटांवर फळी टाकून ठेव, भिंतीपासून वीतभर लांब. पहिल्या दिवशी मुलाच्या हातात ओल्या वासाचं पुस्तक पडू नये गं, फार वाईट वाटतं ते.

आता फळा. मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हौसेने फळ्याला साधा काळा ऑइलपेंट दिला होता. दिसायला नवाकोरा, पण खडू घसरायचा आणि खिडकीच्या बाजूला बसलेल्या मुलांना नुसती चकाकी दिसायची. ते वर्षभर मुलं माना वाकड्या करून वाचत होती आणि मला वाटायचं लक्ष देत नाहीत. ते अजून सलतं मला. म्हणून सांगते, दुकानात ब्लॅकबोर्ड पेंट म्हणून वेगळा मिळतो, तोच घे. आधी जुना फळा पॉलिशपेपरने घास, पुसून कोरडा कर, मग दोन हात दे, आणि जूनच्या दमट हवेत चांगले दोन दिवस तरी वाळू दे. वाळला की लगेच लिहायचं नाही, खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा, नाहीतर पहिलं लिहिलेलं कायमचं उमटून राहतं.

उरलेल्या पेंटमध्ये दोन बाजूच्या भिंतींना खालून दोन अडीच फुटांचा पट्टा काळा कर. हा तळफळा. प्रत्येक मुलाला हातभर जागा आखून दे आणि वर त्याचं नाव. पहिली दुसरी एकत्र असताना तू एका इयत्तेला शिकवत असतेस तेव्हा दुसरी इयत्ता काय करते हाच रोजचा पेच असतो ना, तेव्हा ती मुलं तिथे लिहितात, चित्रं काढतात, पुसतात. पहिलीचं तोंड मोठ्या फळ्याकडे, दुसरीचं बाजूच्या भिंतीकडे, म्हणजे काटकोनात बसव. दोघांनाही एकाच फळ्यासमोर बसवलंस तर दुसरीची मुलं पहिलीचं ऐकत बसतात.

तुझ्या बारा हजारांतलं अगदी थोडं यात जाईल. बोलक्या भिंतींना माझा विरोध नाही. मध्यंतरी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या, म्हणजे कुमठे भागातल्या शाळांच्या गटातल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जायचे, आणि परत येऊन कित्येकांनी फरशीवर तशीच चौकटी वर्तुळं रंगवून घेतली. पण तिथलं मर्म त्या रंगात नव्हतं, मुलं त्या आखणीवर बसून स्वतः काहीतरी करत होती यात होतं. नुसता रंग आणला तर महिन्याभरात त्याच्यावर सतरंजी पडते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आणि फार भरलेल्या भिंतीचा त्रासही होतो बरं का. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक छोटा प्रयोग छापला होता, बालवर्गातली २४ मुलं, त्यांना काही धडे चित्रांनी गच्च भरलेल्या खोलीत आणि काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत शिकवले. भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त वेळ भरकटलं आणि शिकणंही कमी झालं. २४ मुलांवरून जगाचा नियम नाही काढायचा, पण पहिलीचा वर्ग घेतलेल्या बाईला हे पटतं. मोठ्या फळ्याच्या आजूबाजूची भिंत तरी मोकळी ठेव. बाकी जे लावायचं ते जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आत, सहा वर्षांच्या मुलाचे डोळे तिथेच असतात. तक्ते आपण छताजवळ लावतो, म्हणजे ते साहेबांसाठी असतात, मुलांसाठी नाही.

आता मुलांच्या न बोलण्याचं. भिंतीवरचं क कमळाचा तुझ्या मुलांना काय सांगणार, कमळ त्यांनी बघितलेलंही नसेल. वर्ग मोकळा ठेव म्हणते ते यासाठी. पहिल्या आठवड्यात रोज मुलांना घेऊन शाळेच्या भोवती फेरी मार आणि त्यांना एक एक वस्तू आणायला सांग, दगड, पान, शेंग, पीस, काहीही. ती वस्तू मध्ये ठेवायची आणि तू विचारायचंस, तुमच्यात याला काय म्हणतात. तू चुकीचं म्हटलंस की ती हसतील, सुधारतील, आणि तिथेच बोलायला लागतील, कारण तेव्हा बाई शिकणारी असते आणि मूल शिकवणारं. तो पावरी शब्द आपल्या देवनागरीत कार्डावर लिही, खाली मराठी शब्द लिही, दोन्हींना सारखंच मोठं अक्षर. दुसरीच्या मुलांना चित्र काढू दे. महिन्याभरात भिंत भरेल आणि प्रत्येक कार्ड कुणी आणलं ते मुलांना माहीत असेल. ओल्या भिंतीला चिकटवू नकोस, दोन खिळ्यांना सुतळी बांध आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लटकव.

ही काही माझी युक्ती नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, मग १९५७ पासून त्या आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आणि आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. साधनं कसली तर बिया, शिंपले, खडे, पानं. तुझ्याकडे सातपुडा आहे, चिंचोके, सागरगोटे, मोहाच्या बिया, काही विकत आणायला नको. फक्त चिंचोके डब्यात मोजून ठेव आणि मोजून परत घे, पहिलीची मुलं नाकात घालतात आणि मग दवाखाना गाठावा लागतो.

प्रवेशोत्सवाला फुगे, तोरण, रांगोळी काय ती करा, छान वाटतं. पण मुलगा पहिल्यांदा आत आला की त्याला त्याची जागा दिसली पाहिजे, तिथे त्याचं नाव पाहिजे, आणि ते नाव घरात हाक मारतात तेही तुला माहीत पाहिजे. आत्ताच पाड्यावर चक्कर मारून पहिलीच्या मुलांच्या आयांना विचारून ये. मला ऑगस्टमध्ये पत्र लिही, कोण आधी बोललं ते कळव.

प्रश्न : मी पिंपरीत खासगी शाळेत ज्युनिअर केजीला शिकवते. आमच्याकडे दरवर्षी थीम ठरते, यंदा जंगल. प्रत्येक टीचरने आपला वर्ग सजवायचा, फोटो पालकांच्या ग्रुपवर जातात आणि कुणाचा वर्ग सगळ्यात भारी यावर चर्चा होते. दरवर्षी चार-पाच हजार माझ्या खिशातून जातात, रात्री दोन दोन वाजेपर्यंत कटिंग करत बसते. नाही म्हणता येत नाही. काय करू?

नाही म्हणता येत नाही हे मला समजतं, नोकरी आहे. पण तुम्ही एकट्याने नाही म्हणू नका, चार टीचर मिळून मुख्याध्यापिकांकडे जा आणि वर्गामागे किती खर्च येतो तो आकडा कागदावर लिहून द्या. बऱ्याचदा वर बसलेल्यांना खरंच माहीत नसतं की हे टीचर पगारातून करतात. शाळेला सजावट हवी तर सामान शाळेने द्यायचं, यात मागितल्यासारखं काही नाही. थर्माकोल आणत असाल तर तो आधी बंद करा, त्याच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

फोटोसाठी एकच भिंत पूर्ण करा, दाराच्या समोरची. तिथे झाड, डोंगर, नदी एवढंच, प्राणी एकही नाही. प्राणी मुलं करतील, हाताचे ठसे, बोटांचे ठसे, वाकडेतिकडे, ज्याचा हत्ती त्याच्या नावासकट. पंधरा दिवसांनी तो फोटो ग्रुपवर टाका, प्रत्येक आई आपल्या पोराचा हत्ती शोधेल आणि कुणाचा वर्ग भारी हे विचारायचं विसरेल. आणि बाई, रात्री झोपा. साडेतीन-चार वर्षांची मुलं पहिला आठवडा रडतात, त्यांना तुमची मांडी लागणार आहे, जागरणाने चिडचिडी झालेली बाई नको.

प्रश्न : माझ्या मुलाला खूप कमी दिसतं, चष्मा लावूनही. आता तिसरीत जाईल, जिल्हा परिषदेचीच शाळा आहे. सर चांगले आहेत पण ५० मुलांत त्यांना लक्षात राहत नाही. शाळा सुरू व्हायच्या आधी सरांना काय काय सांगू? — एक वडील, बार्शी

दादा, शाळा उघडायच्या आधी मुलाला घेऊन रिकाम्या वर्गात जा, सरांना बोलवा. मुलाला वेगवेगळ्या जागी बसवून सर फळ्यावर लिहितील आणि मुलगाच सांगेल कुठून दिसतं. पहिली रांग म्हणजे दिसेलच असं नाही, कधी खिडकीचा उजेड फळ्यावर पडतो तेव्हा कडेची जागा बरी असते, म्हणून सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा बघा. ती जागा वर्षभर त्याची. सरांनी एवढंच करायचं की लिहिताना मोठ्याने बोलत लिहायचं, त्याचा फायदा ५० जणांना होतो. वर्गातल्या वाटेत दप्तरं ठेवायची नाहीत, आणि बाकं हलवली तर त्याला आधी सांगायचं.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, त्यांच्याकडे नोंद करा आणि मोठ्या अक्षरातली पाठ्यपुस्तकं मागा, अशा मुलांसाठी ती देतात, पण नाव यादीत असावं लागतं, म्हणून जूनमध्येच जा. आणि ५० चा पट असेल तर एक सांगते, शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण धरलंय. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय लेखी मांडा, सरांनाही त्याची मदतच होईल.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत मराठी मंडळाची मराठी शाळा चालवतो, दर रविवारी दोन तास, इथल्याच एका शाळेच्या भाड्याने घेतलेल्या खोलीत. सप्टेंबरमध्ये सुरू होईल. भिंतीला काही लावता येत नाही, जाताना खोली होती तशी ठेवावी लागते. मराठी वातावरण कसं आणायचं?

वातावरण बॅगेत भरून न्या. एक जुनी नऊवारी किंवा चादर घ्या, तिला कापडी खिसे शिवा, प्रत्येक मुलाच्या नावाचा एक, आणि ती दोन खुर्च्यांवर किंवा दोरीवर टाकली की झाली तुमची भिंत. मुलांची कार्डं, चित्रं त्या खिशात राहतात आणि घडी करून बॅगेत जातात. खाली बसायला सतरंजी न्याच. बाकावर बसलं की मुलं आपोआप इंग्रजीत सुरू होतात, सतरंजीवर गोल करून बसलं की गप्पा होतात, असं तुमच्यासारख्याच एका मंडळातल्या ताईंनी मला सांगितलंय आणि मला ते खरं वाटतं. सगळी अक्षरं पहिल्या रविवारी मांडू नका, मुलांच्या स्वतःच्या नावांतली अक्षरं आधी, ती त्यांना घरी जाऊन लिहून दाखवावीशी वाटतात.

खोलीत शिरल्या शिरल्या, काहीही हलवायच्या आधी, फोनवर चारी बाजूंचे फोटो काढा, जाताना ते बघून बाकं लावा. आणि फळ्यावर सोमवारच्या टीचरने काही लिहून ठेवलेलं असेल तर पुसू नका, तुमचा फळा तुम्ही घेऊन जा.